पाडायच्या आधी रिकामी बिल्डिंग आतून बघायचीय? मग हा क्रम चुकवू नका

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, चरई कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी बिल्डिंग निळ्या पत्र्यांच्या आड रिकामी उभी दिसेल. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगांचंही तेच. आणि दर महिन्याला कोणीतरी मला विचारतं की अरे आमची बिल्डिंग रिकामी झालीय, पाडायच्या आधी एकदा आत जाऊन फोटो काढायचेत, कुठून घुसता येईल?

हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठून घुसायचं हे नाही, कोणाला विचारायचं हे विचारा. लोक जातात कसे तर रविवारी संध्याकाळी, पायात चपला, हातात मोबाइलचा टॉर्च, एक पत्रा वाकवून, आणि आत गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे गॅलरीत जाऊन सेल्फी. मी आत्तापर्यंत अशा अकरा बिल्डिंगा आतून बघितल्यात आणि चार वेळा गेटवरूनच परत आलोय, त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, वरची पायरी झाल्याशिवाय खालच्या पायरीवर जाऊ नका.

१. बिल्डिंग आत्ता नेमकी कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा

"आमचंच तर घर आहे" हे डोक्यातून काढा. रिडेव्हलपमेंटमध्ये सगळ्यांनी घरं सोडली आणि सोसायटीने ताबा बिल्डरला दिला की तुमच्या जुन्या घरात जायलाही बिल्डरच्या माणसाला विचारावं लागतं. ताबा अजून दिला नसेल तर सेक्रेटरी किंवा चेअरमन. वाशीला बऱ्याच ठिकाणी सोसायटी नसून ओनर्स असोसिएशन असते, तिकडे असोसिएशनच्या कमिटीला विचारा. आणि पाडायचं काम कंत्राटदाराला दिलं असेल तर तिसरा माणूस आला, त्याचा मुकादम, आणि खरं सांगायचं तर आत काय सुटं झालंय काय नाही हे फक्त त्यालाच माहीत असतं.

मग बिल्डिंग कुठल्या कॅटेगरीत आहे ते विचारा. महापालिका धोकादायक बिल्डिंगांचे चार प्रकार करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोकं आत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. नोटीस बहुतेक वेळा गेटवर किंवा जिन्याखाली चिकटवलेली असते, ती नीट वाचा.

थांबा: सी-१ असेल तर विषय संपला. बाहेरून, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून फोटो काढा, आत नाही. सेक्रेटरी हो म्हणाला, वॉचमन हो म्हणाला, तरी नाही. त्या स्लॅबला कोणी विचारलेलं नसतं.

वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या बंद कंपन्यांच्या शेडचं कोणी विचारत असेल तर गेटवर बँकेची जप्तीची नोटीस किंवा कोर्टाचं सील आहे का ते आधी बघा. असेल तर लांबूनच नमस्कार. सील तोडलं की प्रकरण वेगळ्याच दिशेला जातं.

२. परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल

तोंडी "हो हो जा की" याला काही किंमत नाही, कारण ज्याने हो म्हटलं तो त्या दिवशी गावाला गेलेला असतो आणि गेटवर दुसराच वॉचमन उभा असतो. मी असा मेसेज टाकतो:

"नमस्कार साहेब, मी बी विंग रूम नं. १२ मध्ये राहायचो. शनिवारी सकाळी ९ ते ११ मी आणि माझा मित्र असे दोघे फोटो काढायला आत येऊ इच्छितो. तळमजला आणि पहिला, दुसरा मजला, गच्चीवर जाणार नाही. काही उचलणार नाही. आत कुठे जाऊ नये ते सांगितलं तर बरं होईल."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्या एका वाक्यामुळे एकदा मला सुपरवायझरने उलटा फोन करून सांगितलं की मागच्या जिन्याचे कठडे काढलेत, पुढच्यानेच जा. हे मला बाहेरून कधीच कळलं नसतं.

परवानगी नसताना शिरलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ आहे. अनधिकृत प्रवेशाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि राहतं घर किंवा माल ठेवायची जागा असेल तर कैद एक वर्षापर्यंत जाते. कोर्ट तुमचा हेतू काय होता वगैरे बघतं ते नंतर, त्याआधी चौकीत बसून घरच्यांना फोन लावावा लागतो.

३. दिवस आणि वेळ

जून ते सप्टेंबर नाहीच. पावसात जुना स्लॅब पाणी पितो, जड होतो, प्लास्टर फुगतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यात बी-केबिनजवळची बिल्डिंग रात्री झोपेत असताना कोसळली आणि १२ माणसं गेली, आणि ती तर राहती बिल्डिंग होती. पाऊस थांबला म्हणून लगेच दुसऱ्या दिवशीही जाऊ नका, दिवाळीपर्यंत धीर धरा. आमच्याकडे वर खाडीची खारी हवा, ती सळईला आतून खातच असते.

वेळ सकाळी साडेआठ-नऊची. उजेड तिरका येतो, फोटो चांगले येतात हे आहेच, पण मुख्य म्हणजे काही झालं तर पुढे अख्खा दिवस हातात असतो. संध्याकाळी पाचला गेलात तर डिसेंबरात सहाला अंधार आणि तुम्ही अजून दुसऱ्या मजल्यावर.

आणखी एक, पाडायचं काम सुरू असेल त्या दिवशी अजिबात नाही, जेवणाच्या सुट्टीतही नाही. ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) थांबला म्हणजे बिल्डिंग थांबली असं नसतं.

४. सामान

जाड सोलचे बूट घाला, सेफ्टी शूज असले तर उत्तम. चौकटी, खिडक्या उपटलेल्या घरात जमिनीवर खिळे वरच्या बाजूला टोक करून पडलेले असतात आणि स्पोर्ट्स शूजचा सोल ते आरामात भेदतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर जायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. फुल पँट, फुल बाह्या, हातात जाड कापडी किंवा चामडी ग्लोव्हज. हेल्मेट लागतंच, बांधकामाचं पिवळं मिळालं तर बरं, नाहीतर कोणाकडून तरी मागून आणा. बाइकचं चालवून घेऊ नका, मान वर करून छत बघता येत नाही आणि आवाज ऐकू येत नाही, आणि इथे कान फार कामाला येतात.

टॉर्च दोन. एक डोक्याला बांधायचा, एक खिशात. मोबाइलचा टॉर्च धरायचा नाही कारण मोबाइल फोनसाठी लागतो, बॅटरी त्यासाठी राखायची.

मास्क एन-९५, सर्जिकलवाला नाही. रिकाम्या घरात कबुतरं पंधरा दिवसांत ताबा घेतात, त्यांची वाळलेली विष्ठा धूळ होऊन उडते आणि फुप्फुसाला खरोखर त्रास देते. सिमेंटचे जुने पत्रे असतील, गच्चीवरच्या शेडला असतात तसे, तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं, फुटलेल्या पत्र्यांच्या ढिगाजवळ जायचंच नाही, मास्क असला तरी.

आणि एक काठी. चार-पाच फुटांची, साधी बांबूची. आमच्या ग्रुपवर मी काठी म्हटलं की सगळे हसतात पण सगळ्या सामानात जास्तीत जास्त वापर तिचाच होतो, कसा ते पुढे सांगतो.

पाणी, छोटी फर्स्ट एड, शिट्टी. झालं. ड्रोन आणू नका, विमानतळाच्या आसपास बंदीचे पट्टे आहेत आणि पोलिसांचे आदेश सारखे निघत असतात.

५. माणसं: दोघे आत, एक बाहेर

एकट्याने जायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाच जण पण नकोत, एकाच लँडिंगवर पाच जण उभे राहून फोटो काढतात, जिना जुना, वजन बघा ना.

बाहेरच्या माणसाला नेमकी वेळ सांगून जायचं. "साडेअकरापर्यंत खाली आलो नाही तर फोन कर, लागला नाही तर वॉचमनला सांग, आणि मग ११२." जिन्यात नेटवर्क जातं म्हणून शिट्टी. बाहेरच्याने आत शोधायला एकट्याने यायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या, कारण मित्र म्हटला की धावणारच.

६. बाहेरून अर्धा तास फेरी मारा

हा भाग लोक पूर्ण खातात. गेट उघडलं की सरळ जिन्याकडे. नाही. बिल्डिंगला चारही बाजूंनी चक्कर मारा, शक्य तेवढी, पण भिंतीला चिकटून नाही, लांबून, वरून काहीतरी पडेल.

काय बघायचं: आधी कॉलम. तळमजल्याच्या, पार्किंगच्या कॉलमला उभी चीर आणि चिरेतून तांबूस ओघळ दिसला तर समजा आत सळई गंजलीय. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कित्येक पटीने वाढतं आणि ते काँक्रीटला आतून बाहेर ढकलतं, म्हणून पोपडे सुटतात. नुसतं प्लास्टर सुटणं वेगळं आणि काँक्रीट सुटून सळई दिसणं वेगळं. कॉलमला सळई दिसली, परत फिरा.

चीर जुनी की नवी ते कडेवरून कळतं. जुन्या चिरेत धूळ, कोळ्याचं जाळं, कधी कधी रंग पण गेलेला असतो. नवी चीर आतून पांढरी असते आणि कडा धारदार. नवी म्हणजे बिल्डिंग अजून हलतेय.

मग छज्जे आणि गॅलऱ्या. ज्या गॅलरीला खालून आधार नाही, नुसती बाहेर आलेली आहे, तिची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, म्हणजे नेमकी तिथेच जिथे तीस वर्षं कुंड्यांचं पाणी मुरलं. खालून ठणठणीत दिसते आणि तुटते तेव्हा आधी कुरकुरत नाही.

आत कुठे लोखंडी टेकू लावलेले दिसले तर आत जायचंच नाही. टेकू कोणी हौसेने लावत नाही.

चेक: सळई दिसणारा कॉलम नाही, नवी चीर नाही, टेकू नाही, वाकलेला बीम नाही, आणि दोघांपैकी कोणाच्याच पोटात गोळा आलेला नाही. यातलं एक जरी सापडलं तर चहा प्या आणि घरी जा.

७. आत: आधी वर, मग खाली, मग पाऊल

दारात थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ द्या. मग प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर हेच: आधी छत बघा, मग जमीन, मग काठी, मग पाऊल. कॅमेरा अजून बॅगेत.

काठीने लादी ठोकत जायचं. घट्ट लादीचा आवाज टणक येतो, पोकळ लादी भदभद वाजते. नुसती एखादी लादी वाजली तर खालचा चुना-सिमेंट सुटलाय एवढंच, पण अख्खा पट्टा भदभद वाजला तर कडेकडेने जा किंवा जाऊच नका. खोलीच्या मधून चालायचं नाही, भिंतीच्या कडेने चालायचं, स्लॅब मध्यभागी जास्त झुकतो.

आता माझीच गोष्ट सांगतो. पाचपाखाडीतली एक चार मजली बिल्डिंग, परवानगी घेतलेली, बूट, हेल्मेट सगळं नीट. तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये जमिनीवर प्लायवूडचा एक तुकडा पडला होता, साधारण तीन बाय चार, त्यावर कोणाचं तरी जुनं कॅलेंडर. मला कॅलेंडरचा फोटो हवा होता. मी डोळ्याला कॅमेरा लावूनच पुढे सरकलो आणि प्लाय पायाखाली बसला, मोडला नाही, बसला, गादी बसते तसा. मित्राने बॅगेचा पट्टा धरून मागे ओढलं. काठीने प्लाय सरकवला तर खाली भोक, खालच्या मजल्यावरचा डेब्रिजचा ढीग दिसत होता, आणि भोकाच्या कडेने कापलेल्या सळया वर आलेल्या. राडारोडा खाली टाकायला कामगार स्लॅबला अशी भोकं पाडतात आणि कोणी पडू नये म्हणून वर प्लाय टाकतात. चुकी माझीच, कॅमेरा डोळ्याला लावून चाललो.

तेव्हापासून नियम: जमिनीवर पडलेल्या कुठल्याही सपाट गोष्टीवर पाय नाही. प्लाय, दार, पत्रा, गोणपाट, कार्पेट, काहीही. आणि कॅमेरा वर असताना पाय थांबलेले, पाय चालताना कॅमेरा खाली.

जिन्यावर भिंतीच्या बाजूने चढा, कठड्याच्या बाजूने नाही. कठडा असला तरी धरू नका, लोखंड भंगारात जातं म्हणून सगळ्यात आधी त्याचेच बोल्ट सुटतात, उभा दिसतो पण नुसता टेकवलेला असतो. लिफ्ट असेल तर दरवाजे काढून नेलेले असतात आणि काळोखात तो खड्डा दुसऱ्या एखाद्या दारासारखाच दिसतो. मजल्यावर पोचलात की पहिल्यांदा लिफ्ट कुठे आहे ते बघून दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगा. वेड्यासारखं वाटतं, चालेल.

चौकटी काढलेल्या असतील तिथे दारातून पटकन पलीकडे जा, खाली उभं राहून गप्पा नाही, वरच्या विटा हललेल्या असतात. माळ्यावर चढायचं नाही, त्याला लटकायचंही नाही. गॅलरीत जायचं नाही, फोटो खोलीतूनच काढा. मला माहितीये सगळ्या आठवणी गॅलरीतच असतात, तरी नाही.

मीटर काढून नेले म्हणजे लाइट गेली असं धरू नका. जिन्याचा किंवा पंपाचा एखादा फेज चालू राहिलेला मी बघितलाय, कामगारांना ब्रेकर चालवायला तात्पुरती लाइनही दिलेली असते. लोंबती वायर दिसली की ती चालूच आहे.

थांबा: जमिनीखालची पाण्याची टाकी, ड्रेनेजची टाकी, चेंबर यात डोकं घालून पण बघायचं नाही. बंद टाकीत ऑक्सिजन कमी असतो, विषारी वायू साठलेला असतो, माणूस दोन श्वासांत पडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही पडतो.

८. आत राहणारे

कुत्री तळमजल्यावर असतात, पिल्लं असतील तर परत कधीतरी या. चावलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना लावत बसायचं नाही, आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. साप डेब्रिजच्या ढिगात उंदरांच्या मागे येतात, येऊरच्या पायथ्याकडे, घोडबंदरच्या बाजूला जास्तच, आणि त्यात घोणस, नाग असतात. म्हणून ढिगात हात नाही, आधी काठी आपटायची. चावलाच तर पळापळ नको, बांधाबांध नको, कापाकापी नको, १०८ लावा आणि सरकारी हॉस्पिटल गाठा. मोहोळ दिसलं तर फ्लॅश न मारता हळूच मागे. साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप येतो, पायाला कापलेलं असेल तर अजिबात नाही.

माणसंही असतात. कोणी झोपलेलं असेल, गर्दुल्ले असतील, तर वाद घालायचा नाही, खाली येऊन वॉचमनला सांगायचं.

९. फोटो

आता कॅमेरा काढा. खोलीचा पूर्ण फोटो आधी, काहीही न हलवता. मग भिंती, मग बारीक गोष्टी. लोक उलट करतात, आधी ती एक खुंटी, ती एक फरशी, आणि घरी आल्यावर कळतं की अख्ख्या स्वयंपाकघराचा एकही फोटो नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेल्या उंचीच्या रेघा असतात ना, त्या सरळ समोरून आणि बाजूला काठी धरून काढा म्हणजे माप कळतं. माझ्या आईने आमच्या चौकटीवर रेघांशेजारी दूधवाल्याचा हिशेब पण लिहून ठेवला होता, ते मला फोटो मोठा केल्यावर दिसलं.

फ्लॅश नको. हवेतली धूळ उजळून गोल गोल ठिपके येतात आणि मग फॅमिली ग्रुपवर आठवडाभर भुताची चर्चा. मोबाइल भिंतीला टेकवून नाइट मोडवर काढा.

दुसऱ्यांच्या घरात राहिलेले कागद, पासबुकं, औषधांच्या चिठ्ठ्या दिसतील. त्यांचे फोटो नाहीत.

१०. काही उचलायचं असेल तर

यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. पाडण्याचं काम घेतलेला कंत्राटदार भंगाराचे पैसे धरूनच भाव लावतो. म्हणजे दार, ग्रिल, नळ, लादी, सगळं त्याच्या हिशेबात. तुमच्या आजोबांनी बसवलेली पितळी कडी असली तरी ती आता त्याची. तिथल्या तिथे स्क्रूड्रायव्हर काढू नका. आधी मुकादमाला विचारा, बहुतेक जण नावाची पाटी, चौकटीचा तुकडा असं फुकट देतात, पितळ असेल तर वजनावर पैसे मागतात, द्या. आणि भिंतीत बसलेलं काहीही त्याच्या माणसाकडूनच काढून घ्या, एक वीट ओढली की वरच्या चार येतात.

११. बाहेर आल्यावर

बाहेरच्या मित्राला आणि परवानगी देणाऱ्याला "बाहेर आलो" मेसेज टाका, वॉचमनच्या वहीत जायची वेळ लिहा. आत काही नवीन सैल झालेलं, भोक, लोंबणारा तुकडा दिसला असेल तर सुपरवायझरला फोटोसकट कळवा, उद्या तिथे त्याची पोरं काम करणार आहेत. बूट घराबाहेर काढा, कपडे वेगळे धुवा, झटकू नका. पुढच्या महिन्याभरात ताप, अंगदुखी किंवा खोकला आला तर डॉक्टरला आपण कुठे गेलो होतो ते न लाजता सांगा.

फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा, आणि वॉचमनकाकांना एखादा पाठवायचं कबूल केलं असेल तर तेव्हाच पाठवून टाका. आमचे काका त्या गेटवर एकोणीस वर्षं होते आणि त्यांच्याकडे त्या बिल्डिंगचा स्वतःचा असा एकही फोटो नव्हता, तीन दिवस सारखे विचारत होते, आला का म्हणून.